चौदा ते तेवीस नंबरचे दगड

बिबवेवाडी, पुणे
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय तेजस्विनी,

तुझे दिवाळीचे तीन मेसेज माझ्या फोनवर अजून आहेत. दोन वर्षांपूर्वीचा, गेल्या वर्षीचा आणि परवाचा. तिन्ही मी वाचले आणि एकालाही उत्तर दिलं नाही. मॅडम कामात असतील, मॅडमना फोनवर टाइप करायचा कंटाळा आहे, असं तू समजून घेतलं असशील. कामात मी असते आणि कंटाळाही आहे, पण कारण ते नव्हतं. हे पत्र हाताने लिहितेय, कारण फोनवर तू मधेच ‘राहू द्या हो मॅडम’ म्हणशील आणि मी राहू देईन. पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे आणि स्पीड पोस्टच्या खिडकीवर स्वतः नेऊन देणार आहे. संस्कृतीकडे दिलं असतं तर तिने ते नक्की टाकलं असतं, तरीही देणार नाही. माझा हा स्वभाव तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तो पुरता माहीत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी इकडची खबर. संस्कृती म्हणजे तुझ्या जागेवर आलेली मुलगी. हुशार आहे, बोलते फार, अर्धं इंग्रजीत. खालचे फर्निचरवाले अजून पॉलिशच करतात आणि दुपारनंतर आपल्या लॅबमध्ये स्पिरिटचा वास अजून भरतो. वेणूबाई झाडलोटीला येतात, पण गुडघ्यांमुळे जिना दिवसातून एकदाच चढतात. एकदा वर आल्या की संध्याकाळीच उतरतात आणि मधल्या वेळात कोण कुणाशी काय बोललं ते मला सांगतात. ही सवय त्यांना मीच लावली. मोठा ओव्हन सप्टेंबरपासून बंद आहे.

तू २०१८ च्या जूनमध्ये आलीस. धानोरीहून निघून विश्रांतवाडीला एक बस, स्वारगेटला दुसरी, आणि तरी दहाच्या ठोक्याला हजर. पहिल्या महिन्यात तुझी आई तुझ्याबरोबर आली होती, मुलगी कुठे काम करते ते बघायला. कपाटांतल्या लांबलचक खोक्यांकडे बघून तुळजाबाईंनी विचारलं, “एवढे दगुड कशाला जपून ठेवल्यात?” मी त्यांना सांगितलं की तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं नसतं, ते दगडातच असतं, वाळूच्या कणांमधल्या बारीक जागांत. कंपन्या तीन-तीन किलोमीटर खालून दगडाची लांब कांब काढून आणतात, तिला कोअर म्हणतात. आपण त्या कोअरमधून अंगठ्याएवढे प्लग कापायचे, साफ करून वाळवायचे आणि त्यांतून वायू किती सहज जातो ते मोजायचं. सहज गेला तर तेल वर येईल. नाही गेला तर तेल आहे हे माहीत असूनही हाती लागणार नाही. तुळजाबाई म्हणाल्या, “म्हंजी दगुड किती घट मुठीचा हाय ते बघायचं.” पारगम्यता हा शब्द मी अठ्ठावीस वर्षं वापरतेय, इतकं सरळ मला ते कधी सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी मला तू आवडायला लागलीस, तुझ्या आईमुळे.

वर्षभरात मी तुला लॅबची किल्ली दिली. त्याआधी ती कुणालाही दिली नव्हती. तुला कधी सांगितलं नाही, पण माझ्या पहिल्या नोकरीत वरिष्ठांनी माझ्या सहीवरचे आकडे बदलले होते आणि चौकशीत ते ‘मॅडमनीच लिहिलेत’ म्हणून मोकळे झाले. वणीहून शिकायला पुण्यात आलेली एकटी मुलगी, माझ्या बाजूने बोलणार कोण? तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं, की दगड काही लपवत नाही, लपवतो तो माणूस. स्वतःची लॅब काढली ती त्यासाठी. आकडा चुकला की मी यंत्राकडे नंतर बघते, यंत्राजवळ कोण उभं होतं ते आधी.

मग समर्थ आला. साखरपुड्याला मी धानोरीला आले होते, तुझ्या वडिलांनी, दत्तोबांनी, मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. समर्थ बाणेरच्या ज्या सल्लागार फर्ममध्ये होता, तिचं काम आपल्याच गिऱ्हाईक कंपनीला विहीर कुठल्या थरात घ्यावी ते सांगण्याचं. हे तू मला पहिल्याच दिवशी आपण होऊन सांगितलंस. मी म्हटलं, त्यात काय, पुण्यात भूविज्ञानाची माणसं आहेत किती, एकमेकांतच लग्नं होणार. तोंडाने असं म्हटलं आणि मनात त्याची नोंद करून ठेवली.

पुढचं सगळं तुझ्यासमोरच घडलं, तरी क्रमाने लिहिते, कारण तू जे पाहिलंस आणि मी जे पाहिलं त्यात फरक आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीचा कोअर आला. गुजरातमधली विहीर, खोल, घट्ट वालुकाश्म. वरचा आणि खालचा भाग इतका गच्च की कण एकमेकांत रुतलेले. सगळ्यांचा जीव मधल्या सहा मीटरच्या थरात अडकला होता. तिथले कण जरा मोठे, जागा जरा जास्त. समर्थच्या फर्मनेही तोच थर उचलून धरला होता. आपण तीस प्लग कापले. एक ते तेरा आपण दोघींनी मोजले. मग वणीला माझी आई मोरीत पडली, खुबा मोडला, आणि मी दहा दिवस तिकडे होते. चौदा ते तेवीस, म्हणजे नेमका तो मधला थर, तू एकटीने मोजलास. मी परत आल्यावर उरलेले सात पुन्हा दोघींनी केले. वरखालच्या पारगम्यतेचे आकडे एक दशांश मिलिडार्सीच्या आसपास, आणि मधल्या थराचे एकच्या वर. तसे हे दोन्ही आकडे क्षुल्लक. पण अशा दगडात एवढ्याच फरकावर कंपनी पुढे जायचं की गाशा गुंडाळायचा ते ठरवते. मी रिपोर्टवर सही केली आणि तुला म्हटलं, छान काम केलंस.

डिसेंबरमध्ये कंपनीचं पत्र आलं. त्यांनी शेजारून कापलेले प्लग अहमदाबादच्या एका लॅबकडे तपासायला दिले होते. एक ते तेरा जुळले. चोवीस ते तीस जुळले. चौदा ते तेवीस त्यांच्याकडे आपल्या दहाव्या हिश्शाने आले होते. ती दोन पानं मी शेजारी शेजारी ठेवली. फरक फक्त त्या दहा प्लगांत होता आणि त्या दहा प्लगांच्या वेळी लॅबमध्ये फक्त तू होतीस. समर्थच्या फर्मला हवा तसाच आकडा आला होता. मला आणखी काही शोधायचं उरलंच नाही, आणि तरी मी महिनाभर शोधत राहिले.

काय काय केलं ते ऐक. वेणूबाईंना विचारलं, मी नसताना कुणी यायचं का. त्या म्हणाल्या, तो गाडीवाला यायचा की न्यायला, एकदा वरपण येऊन गेला. गाडीवाला म्हणजे समर्थ. मी ते वहीत लिहिलं. कॉम्प्युटरवर तुझ्या फाइलींच्या वेळा बघितल्या. सतरा नंबरची फाइल तीन वेळा सेव्ह केलेली होती, वीस नंबरची दोन वेळा. तेही लिहिलं. हजेरीच्या वहीत एका गुरुवारी तू चारला गेली होतीस. तू बाहेर जेवायला गेल्यावर तुझा ड्रॉवर उघडला. त्यात लग्नपत्रिकांचे नमुने होते, एक कंगवा आणि दगडांचे फोटो, ज्यांच्या मागे तू पेन्सिलीने बारीक रेघांचं काहीतरी रेखाटलं होतंस. मी ते जागच्या जागी ठेवले. फोनवर बोलायला तू जिन्यात गेलीस की मी दाराजवळ येऊन उभी राहायचे. तू माझ्यासाठी चहा आणलास तरी वाटायचं, आज का आणला. तू गप्प असलीस तर वाटायचं, काहीतरी डाचतंय. हसलीस तर वाटायचं, पचलं म्हणून हसते. तुला यातलं काही जाणवलं नाही, याचं मला तेव्हा समाधान होतं.

शेवटी एकदा विचारलं, सतरा नंबर तीनदा का मोजलास. तू लगेच म्हणालीस, “मॅडम, आकडा जास्त वाटला म्हणून.” मग रिपोर्टमध्ये जास्तच का लिहिलास, तर म्हणालीस, “तिन्ही वेळा तोच आला.” इतकं सरळ उत्तर ऐकून मला वाटलं, पाठ करून आलीय. त्यानंतर जे झालं ते तुला वेगळं आठवत असणार. मी तुला केबिनमध्ये बसवून सांगितलं की कंपनी फार चिडलीय, तुझं नाव घेतायत, तू आपण होऊन राजीनामा दे म्हणजे मला त्यांना आवरता येईल, पुढचं मी सांभाळते. कंपनीने तुझं नाव घेतलं नव्हतं. त्यांच्या पत्रात फक्त ‘खुलासा करावा’ असं होतं. तू रडलीस, माझा हात धरलास आणि म्हणालीस, “मॅडम, तुम्ही आहात म्हणून.” तू गेल्यावर मी कंपनीला लिहिलं की चूक कर्मचारी पातळीवर झाली असून संबंधित व्यक्ती आता आमच्याकडे नाही. खाली नेहमीसारखीच सही केली. मला वाटत होतं, मी तुला पोलिसात दिलं नाही, जाहीर केलं नाही, हेच खूप झालं.

मार्चमध्ये तू आलीस. बडोद्याच्या मोठ्या लॅबच्या दोन मुलाखती झाल्या होत्या आणि शेवटचं बोलणं तेवढं राहिलं होतं. तू पाया पडलीस. एप्रिलमध्ये कळलं की ते काम झालं नाही. मग वेणूबाईंकडून कळलं की साखरपुडाही मोडला आणि तू कोल्हापूरला पाणी तपासायच्या कुठल्याशा लॅबमध्ये गेलीस. खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी माझं गणित पुरं झाल्यासारखं वाटलं. आकडे फिरवून घेतले, उपयोग संपला, मुलगा बाजूला झाला. मी वही बंद करून कपाटात टाकली.

आता यंदाचा सप्टेंबर. त्याच कंपनीची दुसरी विहीर, पहिलीपासून जेमतेम एका किलोमीटरवर, तोच थर. तुझ्यानंतर त्यांनी मला काम देणं बंद केलं नव्हतं, कारण मी ‘संबंधित व्यक्ती’ काढून दाखवली होती. या वेळी त्यांनी नमुन्यांच्या जोडीने अहमदाबादचे आकडे आधीच पाकीटबंद करून पाठवले होते, आपलं काम झाल्यावर उघडायला. संस्कृतीने मोजलं. मधल्या थराचे आकडे पुन्हा एकच्या वर. पाकीट उघडलं, आत दहावा हिस्सा. पुढच्या मिनिटाला मी काय विचार केला ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही. मी संस्कृतीला विचारलं, तुझा भाऊ कुठे नोकरीला आहे ग? ती म्हणाली, “मॅम, मला भाऊ नाहीये. का?” मी वेणूबाईंनाही बोलावलं. वेणूबाई गुडघा चोळत म्हणाल्या, “बाई, ही पोरगी तर यंत्र सोडून उठतसुद्धा नाही.”

मग मी संस्कृतीला आठवडाभर सुट्टी दिली. तिला वाटलं, मॅम खूश झाल्या. दाराला आतून कडी लावली, फोन बंद केला आणि त्याच थराचे नवे प्लग स्वतः कापले. स्वतः धुतले, ओव्हनमध्ये स्वतः ठेवले, बाहेर काढले, यंत्रात बसवले, झडप उघडली. पहिला आला एक पूर्णांक एक. दुसरा त्याहून थोडा जास्त. तिसरा मी तीनदा मोजला, कारण आकडा जास्त वाटला म्हणून. तिन्ही वेळा तोच आला. तेजस्विनी, त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. संशय घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. मी स्टुलावर बसून राहिले. वेणूबाईंनी बाहेरून दोनदा हाक मारली तरी उठवेना.

दुसऱ्या दिवशी मी श्रीधरकडे गेले. तो माझा कॉलेजचा मित्र, पाषाणच्या एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवतो. त्याच्याकडे मी जमिनीखालच्या एकाच खोलीवरचे दोन तुकडे नेले. एक आपल्या ओव्हनमधून निघालेला, आणि दुसरा विहिरीवरच मेणात बंद केलेला, कधीच न वाळवलेला. दुसरा त्याने गोठवून वाळवला, म्हणजे आतलं काही हलणार नाही. मग पडद्यावर दाखवला. वाळूच्या कणांमधल्या प्रत्येक जागेत बारीक धागे होते, एका कणापासून दुसऱ्या कणापर्यंत ताणलेले, कोळिष्टकं धरावीत तसे. इलाइटची चिकणमाती. आपल्या ओव्हनमधल्या तुकड्यात जागा मोकळ्या होत्या आणि तेच धागे कणांच्या भिंतींना चप्प चिकटून बसले होते, न्हाल्यावर केस कपाळाला चिकटतात तसे. पाणी एकदम आटवलं की ते जाता जाता धाग्यांना ओढून भिंतीला बसवतं. मग वायू धावत जातो आणि यंत्र दाखवतं, दगड मोकळा आहे. जमिनीखाली मात्र धागे उभेच असतात आणि तेलाची वाट अडवून धरतात. हे त्या मधल्या थरातच का झालं तेही श्रीधरने विचारलं आणि मीच त्याला सांगितलं, कारण एवढं मला समजतं. जो थर मुळात सर्वांत मोकळा होता त्यातूनच लाखो वर्षं सर्वांत जास्त गरम पाणी फिरलं, आणि त्या पाण्यानेच त्यात धागे वाढवले. वरचे-खालचे थर आधीच गच्च असल्याने त्यांत काही शिरलंच नाही. म्हणून ते आकडे सगळीकडे जुळले, आणि अहमदाबादने सावकाश वाळवलेल्या मधल्या दगडाचे तेवढे वेगळे आले.

श्रीधरने सहज विचारलं, “ओव्हन किती अंशावर ठेवतेस?” मी म्हटलं, एकशे दहा. त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याने मला वणीच्या हॉस्पिटलचा व्हरांडा आठवला. आईला आत नेलं होतं आणि तुझा फोन आला होता. तू म्हणाली होतीस, “मॅडम, मधल्या थरात मला चिकणमातीचे धागे वाटतायत. साठ अंशांवर, दमट हवेत वाळवूया का? आठ दिवस जास्त लागतील.” मी म्हणाले होते, “आपण पापड वाळत घालत नाही आहोत, तेजस्विनी. एकशे दहा.” आणि फोन ठेवला होता. ड्रॉवरमधल्या त्या फोटोंमागे तू रेखाटलेलं काय होतं ते मला श्रीधरच्या खुर्चीत बसून कळलं. हे मी तीन वर्षं विसरले होते असं म्हणते, पण स्वतःवरही माझा फारसा विश्वास उरलेला नाही. महिनाभर तुझ्या फाइलींच्या वेळा तपासणाऱ्या बाईला स्वतःचा एक फोन आठवला नसेल, हे तू तरी कसं मानावंस?

कंपनीला मी त्याच आठवड्यात लेखी कळवलं, दोन्ही विहिरींचे रिपोर्ट मागे घेतले आणि २०२२ च्या खुलाशात लिहिलेलं खोटं होतं असंही लिहिलं. मोजणारीने काम बिनचूक केलं होतं, वाळवण्याचा हुकूम माझा होता आणि तिने हरकत घेतली होती. संस्कृतीलाही सांगितलं. ती म्हणाली, “म्हणून भावाचं विचारलंत?” मग तुला पत्र लिहिलं. अठरा ऑक्टोबरला, दीड पानाचं. चूक दगडातली होती, दोष माझा होता, तू निर्दोष होतीस, एवढंच. ते पाठवलं असतं तर तू लगेच फोन करून म्हणाली असतीस, जाऊ द्या हो मॅडम. आणि मी जाऊ दिलं असतं. ते पत्र पर्समध्येच होतं तेव्हा भाऊबीजेला तुझी आई आली.

तुळजाबाई दरवर्षी फराळ घेऊन येतात, हे तुला माहीत आहेच, तूच पाठवतेस. या वेळी पायऱ्या चढून दमल्या होत्या. डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, “पोरीनं बजावलंय, मॅडमला दिल्याबिगर घरातल्यांनी पन तोंड लावायचं न्हाय.” मी चहा टाकला. मग त्या तुझं बोलायला लागल्या. म्हणाल्या, स्थळं येत्यात, ती बघत न्हाय. समर्थचं नाव काढलं की उठून जाती. मी विचारलं, नक्की झालं तरी काय होतं. त्या म्हणाल्या, “बडोद्याचं पार ठरल्यालं, आन् एकाएकी त्यांनी नको म्हनून कळवलं. कुनीतरी कान भरल्याबिगर असं हुईल का? तेजू म्हनती, त्या कामाचं दोघांलाच ठावं व्हतं, समर्थला आन् तुमाला. त्याच्या मनात न्हवतंच तिनं बडोद्याला जावं. त्यो लई रडला बघा, आईची शपथ घेतली, पर हिनं ऐकलं न्हाय. म्हनती, मॅडम तर देवमानूस, मंग ऱ्हायलं कोन?” मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. तो आधीच भरलेला होता, बशीत सांडला. त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं, रिक्षात बसवलं आणि वर येऊन ते दीड पानाचं पत्र फाडलं. त्यानंतर हे लिहायला मला दहा दिवस लागले.

बडोद्याला मी फोन केला होता. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. तू माझ्या पाया पडून गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा नंबर शोधून काढला आणि तिथल्या प्रमुखांना सांगितलं की या मुलीच्या आकड्यांवर मी पुन्हा सही करणार नाही, कारण विचारू नका आणि माझं नाव कुठे येऊ देऊ नका. तीन-चार मिनिटं बोलले असेन. फोन ठेवल्यावर मला वाटलं होतं, कर्तव्य केलं. समर्थने कुणाला काही सांगितलेलं नाही, तो तुझ्याशी खरं बोलत होता. बडोद्याच्या त्या प्रमुखांना मी आता लेखी कळवलंय, त्या पत्राची आणि कंपनीला लिहिलेल्या पत्राची प्रत सोबत आहे, तुला जिथे दाखवावीशी वाटेल तिथे दाखव. समर्थला मी काही कळवलेलं नाही. तो आता कुठे आहे, त्याच्या मनात काय आहे, मला ठाऊक नाही, आणि त्याच्याकडे जायचं की नाही, हे ठरवण्यात माझा हात नसावा. वाटलं तर हेच पत्र त्याला वाचायला दे, मी त्यासाठीच अक्षर नीट काढलंय. या पत्राला उत्तर आलं नाही तर मी त्याचा काही अर्थ लावत बसणार नाही, एवढं तरी शिकायचा प्रयत्न करते. माफी मागायला बसले तेव्हा एकच गोष्ट सारखी आडवी येत राहिली. आम्हा दोघांपैकी कुणीतरी एकाने तुझा घात केला होता हे तुला पक्कं माहीत होतं, कुणावर तरी संशय घेणं तुला भागच होतं, आणि तू तो माझ्यावर घेतला नाहीस.

एवढं लिहूनही दुसरा शब्द सुचत नाही म्हणून,
तुझीच
कौशल्या